बारावी पट्टी

"मॅडम आहेत का? तुम्ही त्यांचे मिस्टर ना?"

दारातल्या तरुणानं असं विचारलं आणि दत्तोबा काळोख्यांच्या कपाळावर आठी चढली. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर, सुपरवायझर म्हणून काढली होती. चिखलीत 'दत्तोबाचं घर' म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं. पण कंपनीच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त झाल्यावर दुर्गाबाईंनी खासगी तपासाची पाटी लावली, आणि चार वर्षांत त्याच घराला लोक मॅडमचं घर म्हणू लागले. आता दत्तोबा गाडी चालवत आणि बायकोच्या शेजारी बसून ऐकत.

"हायेत. या," ते म्हणाले.

तरुणाचं नाव निरंजन. 'पाच जणींचा गोंगाट' या मालिकेची सगळी व्यवस्था तो बघायचा. कँटीनमध्ये राबणाऱ्या पाच बायका पन्नाशीत रॉक बँड काढतात, अशी गोष्ट. चित्रीकरण चिखलीतल्याच एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये चाललं होतं.

"आमच्या नायिका विजयश्रीताईंना गिटार येत नाही," निरंजन सांगू लागला. "चेहरा त्यांचा, पण बोटं जवळून दाखवायची तेव्हा हात सुभद्राबाईंचे. त्या चाकणला वायरिंगच्या कारखान्यात काम करतात. काल अकराला शॉट सुरू झाला आणि सुभद्राबाईंची दोन बोटं चिरली. गिटारच्या दांडीवर कुणीतरी कटरच्या ब्लेडचा तुकडा बसवला होता, काळ्या कापडी टेपनं. दिसतसुद्धा नव्हता."

"बोटं कशी आहेत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नऊ टाके पडले. एका बोटाची शीर अर्धी तुटलीय. पहिल्यासारखं वळेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"पोलिसांत गेलात?"

"आधी कोण ते कळू दे, मग बघू, असं सुभद्राबाईच म्हणाल्या. पण मॅडम, नेम विजयश्रीताईंवर होता असं सगळ्यांचं मत आहे. आधी त्यांचा शॉट होता. त्यांचं डोकं दुखायला लागलं म्हणून साडेदहाला क्रम बदलला."

दुर्गाबाई उठल्या. दत्तोबांनी गाडीची किल्ली घेतली.

शेडमध्ये संगीतकार युसुफनं गिटार समोर ठेवली. दांडीवर आडव्या बारीक पट्ट्या होत्या. पहिल्या तीन पट्ट्यांशी लाल, पिवळी, हिरवी अशी टिकल्यांसारखी कागदं चिकटवलेली.

"ही रांगोळी कशाची?" दत्तोबांनी विचारलं.

"विजयश्रीताईंसाठी आहे. त्यांचा हात या तीन पट्ट्यांच्या पुढं कधीच जात नाही. ब्लेड होतं ते इथं, बाराव्या पट्टीच्या अलीकडे, धार या टिकल्यांच्या दिशेनं. काल नऊला मी सूर लावला आणि सगळी दांडी फडक्यानं पुसली. तेव्हा काही नव्हतं. मग गिटार मेकअपच्या खोलीत ठेवली."

"त्या दोन तासांत खोलीत कोण होतं?"

"विजयश्रीताई, रंभाताई आणि सुभद्राबाईंची मैत्रीण रुपाली. मीही एकदा डोकावलो. सुभद्राबाई आधी कपडेपटात होत्या, मग लाइटसाठी सेटवर."

"धून वाजवताना हात बाराव्या पट्टीवर जातो का?"

युसुफनं मान हलवली. "कागदावर सूर सातव्या पट्टीलाच संपतो. बाईंनी टेकमध्ये एकदम बारावीपर्यंत घसीट नेली, दोन बोटं तारेवर दाबून सरकत सरकत. मी चक्रावलोच. रिहर्सलला वेळ मिळाला नव्हता. टेकच्या आधी त्या मला काहीतरी सांगायला आल्या होत्या. घाईत होतो, म्हटलं नंतर बोलू."

विजयश्री आरशासमोर बसली होती. दुर्गाबाईंकडे न वळता आरशातूनच ती बोलली.

"सुभद्रेवर जळते का, हेच विचारायचंय ना? जळते. पंचवीस वर्षं या चेहऱ्यावर कामं मिळवली. आता लोक लिहितात, 'चेहरा राहू द्या, हात दाखवा.' गेल्या आठवड्यात माझा रडण्याचा शॉट कापून तिची बोटं ठेवली. पण ब्लेड मला सापडलं असतं ना, तर मी दिग्दर्शकाला शोधलं असतं!"

ड्रम वाजवणाऱ्या पात्राचं काम करणारी रंभाही तेवढीच रोखठोक.

"नायिकेचा रोल आधी मला कबूल केला होता. विजयश्रीला बघितलं की अजून पोटात आग पडते. पण तिचा हात कापून मला काय मिळणार होतं? हात तर आधीच उसना आहे तिचा."

रुपाली कोपऱ्यात थर्मास घेऊन बसली होती. पंचेचाळिशीची, अंगानं बारीक. तिनं स्टीलच्या पेल्यांत चहा ओतला. उजव्या हातातला पेला तिनं पदराच्या टोकानं धरला होता. डाव्या हातातला मात्र नुसत्या बोटांच्या टोकांवर तोलून दत्तोबांपुढं केला. दत्तोबांनी तो घेतला आणि चटका बसून घाईघाईनं खाली ठेवला. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर जुन्या भाजल्याचा मोठा डाग होता.

"आठ वर्षं आम्ही एका बाकावर बसतो, वायरींना टेप गुंडाळतो," ती म्हणाली.

"हीच काळी कापडी टेप?"

"हो. तशी टेप युसुफभाईंच्या पेटीतही आहे." ती पटकन बोलली. "सुभद्राला इथं मीच आणलं. मला वाद्यातलं काही कळत नाही. मी आपली डबा धरणारी. परवा संध्याकाळीसुद्धा ती संत तुकाराम नगरला तिच्या घराच्या गच्चीवर वाजवत होती आणि मी ऐकत बसले होते."

बाहेर येऊन दुर्गाबाईंनी सुभद्राला फोन लावला आणि एकच गोष्ट विचारली. ती वरची घसीट टेकच्या आधी कुणाला ऐकवली होती?

"कुणालाच नाही बघा," पलीकडून आवाज आला. "घरी पोरंबी नव्हती. परवा गच्चीवर मी आन रुपाली, दोघीच होतो."

गाडीत बसल्यावर दत्तोबांनी आपला निकाल सांगून टाकला.

"रंभाच. तोंडानंच कबूल केलं तिनं, आग पडती म्हून."

"आग पडते हे तिनं सांगितलं. विजयश्रीनंही सांगितलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "अहो, तो पेला फार गरम होता का?"

"व्हय. बोटं पोळली माझी. पण त्याचं काय?"

"चला घरी," दुर्गाबाई म्हणाल्या. दत्तोबांना राग आला. पेला त्यांच्या हातात होता, चटका त्यांना बसला होता, आणि कळलं मात्र हिलाच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे शेडमध्ये जमले. सुभद्रा हाताला मोठं बँडेज बांधून खुर्चीत बसली होती. रुपाली तिच्या मागे उभी होती, खांद्यावर हात ठेवून.

"नेम विजयश्रीताईंवर होता, असं तुम्ही सगळे धरून चाललात," दुर्गाबाईंनी सुरुवात केली. "पण त्यांचा हात तिसऱ्या पट्टीपुढं जात नाही. ब्लेड बाराव्या पट्टीशी होतं. म्हणजे ते सुभद्राबाईंसाठीच होतं, आणि शॉटचा क्रम बदलला काय, न बदलला काय, फरक पडत नव्हता."

विजयश्रीनं दीर्घ श्वास घेतला.

"आता कागदावरची धून सातव्या पट्टीला संपते. सुभद्राबाईंवर डाव धरणारानं सातव्यापर्यंत कुठंही ब्लेड लावलं असतं. बाराव्याशी कोण लावेल? ज्याला नवी घसीट ठाऊक आहे, तोच. युसुफभाईंना ती टेकमध्ये कळली. या दोघी बायांना तर ठाऊक असण्याचं कारणच नाही. रिहर्सल झाली नाही. ती घसीट शॉटच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर एकाच माणसानं ऐकली होती."

सुभद्रानं मान वळवली. खांद्यावरचा हात निघून गेला होता.

"मला वाद्यातलं कळत नाही," रुपाली म्हणाली.

"डाव्या हाताची बोटं दाखव. काल उकळत्या चहाचा पेला तू त्याच बोटांवर धरलास. उजव्या हाताला पदर लागला. टेप गुंडाळून दोन्ही हात सारखे निबर होतात, रुपाली. नुसत्या डाव्या बोटांची टोकं घट्टे पडून बधिर होतात ती तारा दाबून. तू वाजवतेस. मग ते लपवलंस कशाला?"

रुपालीनं मूठ मिटली.

"कारण ती घसीट माझी होती!" ती एकदम ओरडली. "गच्चीवर मी काढली. हिनं माझ्या हातातून गिटार घेतली आणि म्हणाली, उद्या हीच वाजवते. ऑडिशनला आम्ही दोघी गेलो होतो, कास्टिंगवाल्यांकडे, तिथं यांच्यातलं कुणी नव्हतं. वाजवलं मी चांगलं. पण डागाचा हात कॅमेऱ्यात नको म्हणाले! तेव्हापासून मी हिचा डबा धरते. हिच्या बोटांना तेल लावते. तार तुटावी, शॉट बिघडावा, एवढंच माझ्या मनात होतं."

"ब्लेडची धार तारेकडे नव्हती," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "बोटांच्या वाटेकडे होती."

सुभद्रा उठून तिच्यासमोर आली.

"टेकच्या आधी मी युसुफभाईला काय सांगायला गेलते, माहितंय? ही घसीट रुपालीची हाय, तिचं नाव लिवा. एवढंच सांगायचं होतं. ते म्हणले, नंतर."

युसुफनं मान खाली घातली. रुपाली जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड खुपसून रडू लागली.

"सुभद्राबाई," निरंजन चाचरत म्हणाला, "आपसात मिटवायचं का? मालिकेचं नाव..."

"पोलिसाला बोलवा," सुभद्रा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "माफ केलं तर सोमवारी हिच्याच शेजारी त्याच बाकावर बसावं लागंल. नाही जमायचं मला."

निरंजननं फोन काढला.

परतताना दत्तोबांनी गाडी सावकाश घेतली. स्पाइन रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "दुर्गा, एक सांगू? लोक घरी येत्यात, तुला विचारत्यात. मला तुझा मिस्टर म्हणत्यात. मला न्हाई सोसत ते. कधी कधी वाटतं, तुझी एखादी केस फसावी."

बोलून झाल्यावर त्यांचे कान तापले. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना हसू आलं नाही की राग आला नाही.

"बोललात, फार बरं केलंत," त्या म्हणाल्या.

सिग्नल सुटला. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला आणि दत्तोबांनी गिअर टाकला.