तिसऱ्यांदा विचार

ओडेटने आयुष्यातली पहिली गाडी चोरली ती मिनेसोटात, जानेवारीत, भर दुपारी, आणि तीही अगदी नकळत.

त्याचं झालं असं. नॉर्बी गावात हिवाळ्यात दुकानात जाताना कुणी गाडी बंद करत नाही. बंद केली तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. दारं उघडी, इंजिन चालू, आणि माणसं आत निवांत दूध-पाव घेत असतात. ओडेट पार दक्षिणेतल्या उबदार लुइझियानाची, इथल्या शाळेत वर्षभर बँड शिकवायला आलेली. ही रीत ऐकून आधी ती थक्कच झाली होती. पण घरमालकीण आर्डिसबाईंनी बजावलं, तेव्हा तीही तसंच करू लागली. त्या दिवशी ती दुकानातून बाहेर आली, बर्फाने माखलेल्या करड्या गाडीत बसली आणि निघाली. पुलाजवळ पोचते न पोचते तोच मानेवर कुणीतरी ऊन ऊन श्वास सोडला.

तिने किंकाळी फोडली. मागच्या सीटवरून एक भलामोठा काळा कुत्रा तिच्याकडे अतिशय सभ्यपणे बघत होता.

गाडी वळवून ती परत आली. तिची स्वतःची करडी गाडी दुकानासमोर तशीच फुरफुरत उभी होती. आणि तिच्याशेजारी, त्या जीवघेण्या वाऱ्यात, कागदी पिशवी छातीशी धरून एक उंच तरुण उभा होता. त्याच्या भुवयांवर बर्फ साठला होता.

"मी... मी तुमची गाडी पळवली," ओडेट कशीबशी म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "जरा वेगळंच झालं."

"पण तुम्ही बाहेर का उभे? माझी गाडी चालू होती ना, आत बसायचं."

"ती तुमची होती."

"मग दुकानात तरी थांबायचं."

"तुम्ही परत आला असता आणि मी दिसलो नसतो, तर उगाच घाबरला असता."

ओडेटच्या गावी अशा प्रसंगी चार घरांना ऐकू जाईल असं भांडण झालं असतं, मग गळाभेट, मग जेवण. इथे हा माणूस आपल्याच चोराची काळजी वाहत उभा होता. त्याचे डोळे फिकट निळे होते, आणि तिच्याकडे न बघण्याची ते शिकस्त करत होते.

"निदान कॉफी तरी घ्या माझ्याकडून," ती म्हणाली.

"नको, नको. कशाला त्रास."

"बरं मग." ओडेट आपल्या गाडीत जाऊन बसली. आरशात पाहते तो... तो अजून तिथेच होता, जरासा खट्टू झालेला.

त्याचं नाव नेल्स ब्रेके. बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करायचा. हे तिला आर्डिसबाईंकडून कळलं, कारण तो स्वतःहून स्वतःबद्दल चकार शब्द काढणाऱ्यातला नव्हता. पुढच्या हिमवादळानंतर ओडेटचं अंगण पहाटेच कुणीतरी साफ करून ठेवलं. त्यापुढच्या वेळीही. कुणी केलं म्हणून विचारलं तर सगळं गाव आभाळाकडे बघायचं. शेवटी बर्फात भल्यामोठ्या कुत्र्याची पावलं सापडली आणि चोर पकडला गेला.

तिने त्याला जेवायला बोलावलं. कोळंबी घातलेला तिखट भात केला. दोन घासांत नेल्सचे कान लाल झाले, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"कसा झालाय?" तिने हौसेने विचारलं.

"वाईट नाही."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिची आजी असती तर असं म्हणणाऱ्याचं ताट उचललं असतं. पण नेल्सने पातेलं रिकामं केलं, पाणी पीत पीत, नाक पुसत पुसत.

"रडतोयस कशाला मग?" ती म्हणाली.

"रडत नाहीये. हवा कोरडी आहे."

"तुझ्या गालावर तर पूर आलाय."

तो हसला. अगदी पुसटसं... पण ओडेट हातातला घास विसरून बघत राहिली. इतक्याशा हसण्याने आपलं एवढं व्हावं, याचाच तिला धक्का बसला.

आईला फोनवर ती रोज गाऱ्हाणी सांगायची. इथे नाकातले केस गोठतात. इथे मिरपूड घातली की लोक तिखट म्हणतात. सामना जिंकला तरी कुणी ओरडत नाही. आणि मग बोलता बोलता थांबायची. कारण तळ्यावर संध्याकाळी जो गुलाबी उजेड पडायचा, किंवा अनोळखी माणसं गाडी चालवतानाही स्टिअरिंगवरून एक बोट उचलून जी ओळख द्यायची, ते आईला कसं सांगावं हे तिला कळायचं नाही. जीव इथे गुदमरत होता आणि इथेच गुंततही होता.

मार्चमध्ये लुइझियानातून फोन आला. तिच्या जुन्या शाळेत बँडची कायमची जागा निघाली होती, दोन दिवसांत हो किंवा नाही कळवायचं होतं. ओडेटने फोन ठेवला आणि आनंदाची वाट बघत बसली. आनंद काही आला नाही. ती तशीच उठून नेल्सच्या गॅरेजात गेली.

"मला घरी नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "पण... मी इथेही राहू शकते. तू म्हणालास तर."

नेल्सने पाना खाली ठेवला. मग परत उचलला.

"नको, नको," तो म्हणाला. "माझ्यासाठी कशाला अडकतेस."

ओडेटच्या पायाखालची जमीनच सरकली. ती घरी आली आणि अंगावरचा कोटही न काढता आर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, नाक पुसायला कागद दिला.

"किती वेळा विचारलंस त्याला?"

"किती वेळा म्हणजे? एकदा."

"एकदाच?" आर्डिसबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, एकदा विचारणं म्हणजे नुसती रीत. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की समजायचं, समोरच्याच्या मनात खरंच आहे. आम्ही तर केकचा तुकडासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय उचलत नाही, आणि तो पोरगा तुझं अख्खं आयुष्य पहिल्याच फटक्याला उचलेल होय?"

ओडेटला दुकानासमोरचा तो खट्टू चेहरा आठवला. म्हणजे त्या दिवशी त्याला कॉफी हवी होती.

दुसऱ्या दिवशी नेल्स तळ्यावर होता. गोठलेल्या तळ्यावर हिवाळाभर मासेमारीसाठी ठेवलेल्या लाकडी खोल्या काठावर ओढून आणायचे दिवस आले होते. तो दोर बांधत होता, कुत्रा शेजारी बसला होता. ओडेट बर्फ तुडवत त्याच्यापर्यंत गेली.

"नेल्स, मी राहू का?"

"तुझी आई तिकडे. इथली थंडी तुला सोसत नाही..." तो दोराकडे बघत म्हणाला. "नको, अगं."

तिसऱ्यांदा विचारायला तिने तोंड उघडलं, आणि एकाएकी तिचं डोकंच फिरलं.

"मी नाही विचारणार आता. आमच्याकडे एकदाच विचारतात, पण पोटातून विचारतात. आता तू विचार."

चर्चमध्ये नाचायला सांगितल्यासारखा तो गोरामोरा झाला. त्याने दोराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"राहशील?" शेवटी त्याने विचारलं, तेही दोराला.

यावर आपण जे बोललो त्याचं ओडेटला स्वतःलाच नवल वाटलं. "नको, नको. कशाला त्रास."

नेल्सचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याला तिच्या ओठांचा कोपरा दिसला.

"आर्डिसबाईंनी शिकवलं हे?"

"पहिल्या विचारण्याला इथे काही अर्थ नसतो म्हणे."

"मला त्रास नाही होणार," तो सावकाश म्हणाला. "तू गेलीस तर... होईल. राहा ना."

"छे, माझ्यासाठी उगाच कशाला..." ती एक पाऊल पुढे आली.

नेल्सने दोर टाकून दिला. हातमोजे काढले, तेही टाकले, आणि तिचा चेहरा ओंजळीत धरला. त्याचे हात ऊन होते.

"ओडेट, तू माझी गाडी घेऊन परत आलीस ना, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक करड्या गाडीत मी वाकून बघतो. लोक हसतात. माझं प्रेम आहे तुझ्यावर. राहा."

फार तर 'वाईट नाही' इतपत काहीतरी ऐकायची तिने तयारी ठेवली होती. हे असं उघडं, सरळ, सगळंच्या सगळं ऐकायची नव्हे. तेवढ्यात पायाखालचं तळं या काठापासून त्या काठापर्यंत घोगऱ्या आवाजात कण्हलं आणि ती किंचाळून त्याला बिलगली.

"बर्फ फुटतोय?"

"नाही. वसंत जवळ आला की बर्फ असा बोलतो."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलं नाहीस."

ती हसत होती आणि रडत होती, आणि पापण्यांवर पाणी गोठत होतं. "राहते," ती त्याच्या कोटात तोंड खुपसून म्हणाली. "आणि ते परत म्हण."

"काय?"

"ते... राहा म्हणायच्या आधीचं."

नेल्सचे कान लाल झाले. "एकदाच, पण पोटातून, असं तूच म्हणालीस ना? तुमच्याकडे एकदा पुरतं."

"मी आता इथली आहे," ओडेट म्हणाली. "इथे तीनदा लागतं."