रंगवायचा राहिलेला मडगार्ड

गॅरेजचं लाकडी दार उघडलं आणि थिनरचा असा भपकारा आला, की हवालदारानं आधी नाक धरलं, मग टोपी सावरली.

आत जुनी मोटार उभी होती, बहुतेक पांढरीशुभ्र झालेली. पुढच्या चाकाशी घरमालक पालथा पडला होता. मस्तकाच्या मागे जखम. हातात रंगाची गन. शेजारी जॅक. गनला हवा पुरवणारा, भाड्यानं आणलेला कॉम्प्रेसर कोपऱ्यात होता, त्याचं बटण बंद.

"उघड आहे, मॅडम," हवालदार म्हणाला. "दार लावून रंग मारत बसला. वासानं चक्कर आली, जॅकवर डोकं आपटलं. खेळ खलास."

इन्स्पेक्टरबाईंना उघड गोष्टींचा जन्मजात तिटकारा होता. भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं. रंगाची उडालेली भुकटी वाळूसारखी बोटाला टोचली. फळीवर तीच, दिव्याच्या काचेवरही तीच. दाराची आतली बाजू मात्र जुन्या हिरव्या रंगात जशीच्या तशी गुळगुळीत होती. उंबऱ्याबाहेरची पायरी पुन्हा पांढुरकी.

मग त्या गाडीपाशी वाकल्या. सगळी गाडी रंगवलेली, पण डावीकडचा पुढचा मडगार्ड कागदानं झाकून चारी कडांना चिकटपट्टी लावलेली. काचांना कागद लावतात. चाकांना लावतात. रंगवायच्या पत्र्याला कोण लावतं? त्यांनी एक कोपरा उचलला. खाली खरवडलेली जुनी लांबी, पोचे बुजवायला भरतात ती, तिच्याखाली पत्र्याला खोल पोचा, आणि पोच्यात निळसर ओरखडा. त्यांनी कागद पुन्हा दाबून बसवला.

ओसरीवर तिघं होते आणि तिघंही एकमेकांकडे पाठ करून. मेलेल्याची बायको कापडदुकानात कामाला होती. परत आल्यावर प्रेत तिलाच दिसलं होतं. तिचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक, रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होता. तिसरा शेजारी. निवृत्त ड्रिलमास्तर. गल्ली त्यांना नुसतं मास्तर म्हणे, तेही लांबूनच.

"दार उघडल्यावर तुम्ही कशाला हात लावलात?" बाईंनी बायकोला विचारलं.

"कशालाच नाही. दार ढकललं आणि किंचाळले."

"गाडी घरीच का रंगवत होते?"

"वर्कशॉपवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून यांनी कोपरापासून हात जोडले. म्हणाले, घरीच करू. आठवडाभर हातानं घासत होते. गन आज पहिल्यांदाच हातात धरली. मागच्या खेपेला माझ्या भावानं रंगवून दिली होती, पदरचं घालून. तेव्हा यांचा पाय मोडला होता."

भाऊ मध्येच बोलला, "फोनवर दहादा सांगितलं, दाजी, दार उघडं ठेवा. पण ऐकतील तर शपथ!"

"तुम्ही आज इथे कधी आलात?"

"ताईचा फोन आल्यावर. दिवसभर दुकानातच होतो."

"सोबत कोण?"

"एकटाच असतो मी."

बाई मास्तरांकडे वळल्या. मास्तर फिस्कारले, "माझ्याकडे काय बघता? मेला त्याला मी काय करू? आठवडाभर पॉलिशपेपरची ती खरखर! दात आंबले माझे."

"आज बोलणं झालं?"

"सकाळी फाटकाशी आला होता. म्हणे, मास्तर, जरा येऊन एक गोष्ट बघा. मी म्हटलं, तुझं तोंड बघायची इच्छा नाही, गाडी काय बघू! आणि फाटक लावलं तोंडावर."

"त्यांचं सगळ्या गाडीवाल्यांशी वैर आहे," बायको कडवटपणे म्हणाली. "मास्तरांच्या बायकोला कुणाच्या तरी मोटारीनं सायकलवरून उडवलं. मोटार सापडली नाही. तेव्हापासून आम्ही सगळेच खुनी."

बाई अंगणात उतरल्या. फाटकाजवळ भावाची पांढरी स्कूटर होती. वाट काढताना त्यांनी तिच्यावर हात टेकला आणि थबकल्या. डाव्या अंगावरून तळवा फिरवला. मग उजव्या. मग हवालदाराला फाटकाशी उभं राहायला सांगून त्यांनी तिघांना हाक मारली.

"मास्तर, या स्कूटरवर हात फिरवा. डाव्या बाजूनं."

मास्तरांनी कपाळाला आठ्या घालून हात फिरवला. "खरखरीत आहे."

"उजवीकडे?"

"गुळगुळीत."

"पांढऱ्यावर पांढरं डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं. गन आज पहिल्यांदा चालली. रंगाची भुकटी भिंतीवर बसली, बाहेर पायरीवर बसली, पण दाराच्या आतल्या अंगावर कणभरही नाही. म्हणजे रंग मारताना दार सताड उघडं होतं. मग वासानं चक्कर कसली? आणि चक्कर येऊन पडणारा माणूस आधी कॉम्प्रेसर बंद करत नाही. कुणीतरी ओळखीचं आलं, बोलायला म्हणून त्यांनी तो बंद केला. पाठ वळताच जॅकचा दांडा डोक्यात बसला. नंतर गन हातात दिली, दार ओढून घेतलं. आणि गन चालू होती तेव्हाच, म्हणजे ताईंचा फोन येण्याआधी, ही स्कूटर दारात उभी होती."

भावाचे हुंदके थांबले होते. "रस्त्यात कुठेही रंग उडतो! मी दाजींना का मारीन?"

बाई सगळ्यांना आत घेऊन गेल्या आणि मडगार्डावरचा कागद त्यांनी एका झटक्यात ओढला.

मास्तर पुढे झाले. निळ्या ओरखड्यावर ते वाकले. "तिची सायकल निळी होती."

"गाडी दाजींची!" भाऊ ओरडला. "विचारा त्या मेलेल्याला!"

"स्वतःचं पाप असतं तर पुन्हा लांबी भरून ते मोकळे झाले असते," बाई म्हणाल्या. "त्यांनी ते कागद लावून जपलं. आधी मास्तरांना दाखवायला गेले. मास्तरांनी हाकलल्यावर तुम्हाला फोन केला."

बायको भावाकडे टक लावून बघत होती.

"यांचा पाय मोडला तेव्हा गाडी तुझ्याकडे होती," ती म्हणाली. "त्याच दिवसांत मास्तरांची बायको गेली. आणि तू गाडी नवी करून दिलीस म्हणून मी गल्लीभर तुझं कौतुक सांगत फिरले."

"ती बाई एकदम मध्ये आली, ताई! आणि दाजी म्हणे, तू सांगत नसशील तर मी सांगतो. इतक्या वर्षांनी! मी बायकापोरांना घेऊन कुठे जाऊ?"

"माझं घर बुडालं ते तुला दिसत नाही?" ती म्हणाली. "घेऊन जा हो याला."

हवालदारानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. जीप निघून गेली.

मास्तर अजून मडगार्डासमोरच होते. त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका, पुरावा आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

हात मागे आला, पण मास्तर आधारासाठी मागची भिंत चाचपू लागले. बायको घरात गेली, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली आणि त्यांच्यामागे दाणकन आपटलं.

"तुमच्याशी बोलायची मला आजही इच्छा नाही," ती म्हणाली. "पण पडलात तर उचलायला आता या घरात पुरुषमाणूस नाही. बसा."

मास्तर बसले.