रंग आला, दिवा नाही आला

तुम्ही रंग पाठवलात आणि दिवा पाठवला नाहीत. साहेब, ही गोष्ट तुमचीच आहे. मी गावचा पोस्टमन, ती पोरांना सांगतोय, कारण पोरं निदान ऐकून घेतात.

साल २०५१. खडकवणच्या दवाखान्यात एक यंत्रमानव होता. गावाने त्याचं नाव ठेवलं ठोंब्या. मठ्ठ नव्हता तो, फक्त त्याला खोटं बोलता येत नव्हतं. अकरा वर्षांच्या मैनाला भीमाआत्याने वाढवलं होतं. मिश्री लावून लावून त्या आत्याच्या गालात, आतल्या बाजूने, कर्करोगाची गाठ धरली. नखाएवढी, पातळ. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शिरेतून औषधाचा रंग टोचला आणि आत्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं. चौथ्या दिवशी गाठीवर धरायचा लाल उजेडाचा दिवा यायचा होता.

"अंधारात कशाला रे?" मैनाने विचारलं.

"रंग सगळ्या अंगात पसरतो," ठोंब्या म्हणाला. "निरोगी पेशी (शरीर ज्यांचं बनतं ते बारीक कण) तो लवकर टाकून देतात, कर्करोगाच्या पेशी धरून ठेवतात. पण कातडीत थोडा उरतो. ऊन लागलं तर कातडी भाजेल."

"म्हणजे विषच की."

"अंधारात तो गरीब असतो. लाल उजेड पडला की उजेडाची ताकद घेतो आणि जवळच्या प्राणवायूला देतो. तो प्राणवायू पिसाळतो, पेशीची आतली यंत्रणा मोडतो. मग पेशी आपणहून गाशा गुंडाळते. याला पेशीमृत्यू (पेशीने स्वतःला मोडून घेणं) म्हणतात."

"लोणच्यासारखी मुरतेय मी," आत्या आतून ओरडली. "बरणी उघडा कधीतरी."

चौथा दिवस गेला, विसावा गेला. रंग तुमच्या औषधांच्या खात्याने धाडला होता, दिवा तुमच्याच विजेच्या वस्तूंच्या खात्यात अडकला. अंगातला रंग ओसरला आणि आत्या डोळे मिचकावत बाहेर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शहरात जाऊन गाठ कापून घ्या. पण दर सोमवारी तुमचं पत्र यायचं, 'येत्या आठवड्यात दिवा पोचेल.' आत्या म्हणायची, "शिक्का मारलाय बाई त्याच्यावर. शिक्का खोटं बोलंल व्हय?"

दिवा पाच महिन्यांनी आला.

"आता पुन्हा रंग टोचा," मैना म्हणाली.

ठोंब्याने तिच्या हातात टॉर्च दिली. "बोटाखाली धर." बोट लालभडक उजळलं. "आता दंडाखाली." वरून काहीच दिसेना.

मैना दंडाकडे बघत राहिली. "गाठ किती जाड झालीय?"

"अडीच सेंटिमीटर. उजेड एक सेंटिमीटरच्या पुढे कामाचा राहत नाही."

"थोडं खोटं बोल ना रे."

"येत नाही, मैना."

शहरात गाठ कापली, पण कर्करोग मानेत उतरला होता. दिवाळीला आत्या नव्हती.

माघात त्याच दिव्याखाली शेजारच्या सोपानकाकांच्या जिभेवरचा कर्करोगाचा डाग आला, तांदळाच्या दाण्याएवढा. दिव्याचं बटण मैनाने दाबलं. महिन्याभरात जीभ साफ झाली. काका रडले, मैना नाही रडली. तिने तुमचं शेवटचं पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं:

'दिवा पाच महिने कुणाच्या टेबलावर होता? त्यांचं नाव कळवा. मी वाट बघतेय.'

पत्र पोचलंय तुम्हाला. पोच आहे माझ्याकडे. काय कळवू पोरीला?