वरचं पाणी, खालचं शेत

बांध इतका अरुंद, की दोघांतल्या एकाला चिखलात उतरावंच लागणार होतं. जोवेलिनच्या डोक्यावर भाताच्या पेंढ्या, समोरच्याच्या खांद्यावर पाय बांधलेलं, किंचाळणारं डुकराचं पिल्लू.

"उतर ना," तो म्हणाला.

"का? बांध तुझ्या बापाचा आहे?"

"नाही... पण हे सुटलं तर तुलाच धरून आणावं लागेल."

"आणेन. चार दिवस सुट्टीच आहे मला."

तो हसला आणि पिल्लासकट गुडघाभर चिखलात उतरला. शेजारून जाताना पेंढीतली एक काडी त्याच्या केसांत अडकली... तिने ती काढली नाही. मुद्दामच.

जोवेलिन बागियो शहरात बेकरीत कामाला होती. सुगीपुरती गावी आली होती. संध्याकाळी तिने घरी सहज चौकशी केली, तेव्हा कळलं की तो रोडेल, वरच्या वाडीच्या गिनिदांचा धाकटा. नाव ऐकताच आमाचा, तिच्या वडिलांचा, घास हातातच राहिला. गिनिदांनी एका उन्हाळ्यात पाट अडवला होता आणि यांचं खालचं शेत करपलं होतं. आजोबांनी कोयता उपसला होता. तेव्हापासून दोन घरांत ना जाणं-येणं, ना बोलणं. त्या घराच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, आमाने बजावलं.

दुसऱ्या दिवशी ती धुवायचे कपडे घेऊन थेट त्याच पाटावर गेली. रोडेल पाटातला गाळ काढत होता.

"तुझ्या आमाला कळलं तर?"

"कळावं म्हणूनच उंच दगडावर बसलेय."

मग तो मनिलातल्या आपल्या जुन्या नोकरीचे किस्से सांगत बसला. हसता हसता तिच्या हातून साबण निसटला. दोघांनीही पाण्यात हात घातला. साबण वाहून गेला — बोटं तिथेच राहिली. तो काहीतरी विचारणार होता, पण वरून कुणीतरी हाक मारली आणि शब्द तोंडातच विरले.

सुगी संपली, तशा दोन्ही वाड्या रिवाजाप्रमाणे ओढाओढीच्या खेळासाठी नदीत उतरल्या. कमरेएवढं पाणी, ढोलांचा गजर. बायकांच्या फेरीत खालची वाडी जिंकली. सगळ्या आपल्या काठाकडे वळल्या. जोवेलिन वळली नाही. भिजल्या कपड्यांनी ती पाणी कापत पलीकडे गेली, रोडेलसमोर उभी राहिली.

"पाटावर काय विचारणार होतास? आता विचार."

त्याने चोरट्या नजरेने थोरल्या भावाकडे पाहिलं. "आधी दादाशी बोलून..."

"मला दादाशी लग्न करायचंय का?"

रोडेलचे कान लाल झाले. मग त्याने मान वर केली आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

"करेन."

ढोल थांबले. आमा पाण्यात उतरून समोर आला. "थोरली तू. आपल्यात शेत थोरल्याचं. माझं शेत गिनिदांच्या घरात नेतेस?"

"शेत जागेवरच राहील, आमा. त्यांचं पाणी तेवढं खाली येईल."

कुणीतरी फिसकन हसलं. आमा हसला नाही. "पाण्यासाठी लग्न करतेस?"

"नाही. हा आवडला म्हणून करतेय. पाणी वरकड."

मग रोडेलच्या दादाने तांदळाच्या दारूचा, समेटाचा वाडगा भरून आमापुढे धरला. आमाने तो घेतला. प्यायला नाही... पण फेकलाही नाही.

त्याने घोट घेईपर्यंत थांबायला जोवेलिनला सवड नव्हती. रोडेलचं मनगट धरून ती भर नदीतून आपल्या काठाकडे निघालीसुद्धा.