बेटावरचं मौन

"नाव?" प्रतिमानं विचारलं.

तो नुसताच ओठ हलवत राहिला. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या पाण्यावर धुकं दाटलं होतं आणि नावेत बसलेले पाहुणे थंडीनं आखडले होते. "नी... नी..." त्याच्या मानेची शीर ताठ झाली. नावाडी हसला. प्रतिमा हसली नाही, तिनं दुसरीकडे बघितलंही नाही. ती थांबली.

"नीलकंठ."

"या, नीलकंठजी. संध्याकाळपासून मौन सुरू होईल."

"म्हणूनच... आलो," तो म्हणाला.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा आसपासची गावं बुडाली आणि ही टेकडी बेट होऊन उरली. वरच्या मोजक्या घरांमध्ये प्रतिमाचे बाबा, लक्ष्मणराव, जबलपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लहान लहान शिबिरं घ्यायला लागले. पहाटे बुद्धवंदना, मग ध्यान आणि शेवटच्या संध्याकाळी बेटावरच्या बायकांची करमा नाचाची गाणी. याच हिवाळ्यात बाबा गेले. आईला हे बेट बघवेना, म्हणून प्रतिमाच्या थोरल्या भावानं, विनयदादानं, तिला नागपूरला आपल्या घरी नेलं. हे शेवटचं शिबिर आटोपलं की प्रतिमाही जाणार होती.

मौनाचे दिवस मळभातच गेले. नीलकंठ न सांगता स्वयंपाकघरात येऊन बसायचा, स्वयंपाक करणाऱ्या शेवंताकाकूंच्या पुढची विळी ओढून भोपळा चिरायचा. फोडी लहानमोठ्या होत. प्रतिमानं भुवया उंचावल्या की तो गंभीरपणे सगळ्यात वाकडी फोड उचलून तिच्यापुढे धरायचा. तिला हसू यायचं... आणि लगेच बाबा आठवून स्वतःचाच राग यायचा.

मौन सुटलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. गाणी सुरू झाली. नीलकंठ मात्र उठून काठावर गेला. ती मागोमाग आली.

"उठून काहून आले?"

"बोलणं सुरू झालं... न. मौनात मी... सगळ्यांसारखा असतो."

"अच्छा. म्हणजे आता माझ्याशीपण बोलणार नाही?"

"तुमच्याशी... बोलून तर राहिलो."

"मग खरं सांगा. काल भाजीत मीठ नव्हतं न?"

"नव्हतं."

"आणि तुम्ही दुसऱ्यांदा घेतली."

"वाढत... तुम्ही होत्या."

प्रतिमानं पदर सावरला. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे बसले होते. तो बराच वेळ एका शब्दाशी झगडत राहिला. तिला तो शब्द कळला होता, तरी तिनं तो त्याच्याऐवजी उच्चारला नाही.

"थां... थांबा न इथं. मी रेल्वेत आहे, जबलपूरलाच. सुट्टीला येत जाईन. आपण दोघं... शिबिरं चालवू. मला तुम्ही... आवडता, प्रतिमाजी."

तिचे डोळे भरून आले.

"आई रात्र रात्र झोपत नाही. वहिनीची नोकरी आहे. मी नाही गेले तर आईजवळ कोण बसेल?"

"परत... कधी?"

"माहीत नाही. खोटं सांगू काय तुम्हाला?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. सकाळी तिनं किल्ली शेवंताकाकूंच्या हातात ठेवली. नर्मदेच्या पुलाशी, तिलवाऱ्यापर्यंत तो सोबत आला. नागपूरची बस आली आणि ती चढली. बस पूल ओलांडून गेली तरी तो रस्त्याच्या कडेला उभाच होता.

नागपुरात आई खिडकीशी बसून राहायची. प्रतिमा तिला भरवायची, औषध द्यायची. नीलकंठला फोन करावा असं रोज वाटायचं. पण जिथं आपण जाऊ शकत नाही, तिथं कुणाला वाट बघत का ठेवायचं, असं म्हणून ती फोन खाली ठेवायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी शेवंताकाकूंचा फोन आला. "बेटी, शिविर फिर चालू हो गया. सुन ले जरा." त्यांनी फोन तसाच धरला. कुणीतरी पाहुण्यांना ध्यानाला कसं बसायचं ते समजावत होतं. शब्द अडकत होते, सुटत होते. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस तिच्या बाबांची शिकवण बोलून दाखवत होता. त्याच्या भोवती कुणी हसत नव्हतं.

प्रतिमा भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"कोण आहे गं?" आईनं बऱ्याच दिवसांनी स्वतःहून काही विचारलं होतं.

प्रतिमा तिच्याजवळ जाऊन बसली. फोन तिनं दोघींच्या मध्ये धरला.

"माझा माणूस आहे, आई."