क्लेमॅटिसला न झालेला रोग

त्या फाटकाशी सायकल थांबवायचं तिला काही कारण नव्हतं. पण आत एक चष्मेवाला तरुण भाजीची सुरी घेऊन तारेच्या जाळीवर चढलेल्या क्लेमॅटिसच्या वेलीसमोर उभा होता, आणि रोपांच्या नर्सरीत काम करणाऱ्या पोरीला ते बघवेना.

"ओ, छाटणी करताय की खून?"

तो दचकला. "आत्याने सांगितलंय, वाळलेलं काढ. मला सगळंच वाळलेलं दिसतंय."

"चष्मा बदला."

"मीच बनवतो चष्मे. दुकान आहे माझं."

"मग गिऱ्हाइकांचं कठीण आहे!"

तो हसला... आणि सरळ सांगायचं तर घोटाळा तिथेच झाला. आधी डोळे हसले, मग ओठ. तिने पिशवीतून कात्री काढली.

ह्या वेलीचं जुनं खोड सुतळीसारखं तपकिरी असतं, साल सुटते. मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, नुसतं बघून कळत नाही. म्हणून आधी नखाने साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर हात लावायचा नाही. नर्सरीत हे पहिल्याच दिवशी शिकवतात. शिकवायची कोण? हीच. पण मिरवायची हौस दांडगी! "हे बघा, असं धरायचं, आणि असं —"

कच्च.

बुंध्याशी कापलेल्या टोकाला ओल होती. हिरवीगार. वरचा सगळा पसारा त्या एकाच खोडावर होता. तिने चपलेने त्यावर माती सारली आणि तोंडभर हसली. "झालं काम!"

"कळ्या फुलल्या की बघायला याल?"

"बोलावलंत तर... इथल्या नर्सरीतच असते मी."

तिसऱ्या दिवशी तो नर्सरीत आला. हातात एक फांदी, माना टाकलेल्या कळ्यांची. "हिला काय झालं हो?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी कापलं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मर रोग. पसरतो हा."

"बरं झालं, तुम्ही आहात," तो म्हणाला.

रोज कात्री पुसताना ते वाक्य तिच्या कानात वाजायचं. शिवी दिली असती तर परवडलं असतं. आरशात बघायचीसुद्धा लाज वाटायला लागली.

आणखी चार दिवसांनी तो परत आला. "कुदळ मिळेल? मुळासकट काढतो. शेजारच्यांच्या वेलीला लागायला नको."

आणि तिने काय करावं? कुदळ दिली! मुकाट्याने, त्याच्या हातात. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला तेव्हा कुठे तिचे पाय हलले. सायकल घेतली आणि अशी हाणली की मामा, म्हणजे नर्सरीचा मालक, ओरडतच राहिला.

ती फाटकाशी पोचली तेव्हा पहिला घाव मातीत बसला होता.

"थांबा! रोगबिग काही नाही. मी... जिवंत खोड कापलं. आणि खोटं बोलले. मुळं धडधाकट आहेत."

त्याने कुदळ खाली ठेवली.

"चार दिवस झाले, आत्या माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षांची वेल आहे तिची. मी सांगितलं, मीच पाणी जास्त घातलं."

"तुम्ही का सांगितलंत?"

"तुम्ही हात लावल्यावर वाळली असं कळलं असतं, तर तिने तुम्हाला परत फाटकाच्या आत घेतलं नसतं. आणि मला तर..." तो थांबला. कान लाल. "आता तुम्हीच सांगा तिला. मी नाही सांगणार."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण ती घराच्या खिडकीशी गेली. आत गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून आत्या बसली होती. तिने सगळं आधीच ऐकलं होतं.

"कापणारी तू?"

"हो."

"नखाने बघायचं असतं, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग लक्ष कुठे होतं तुझं?"

इथेही पळवाट होती. ऊन होतं म्हणायचं, कात्री बोथट म्हणायचं. तिने मान खाली घातली, मग वर केली.

"ह्यांच्याकडे."

मागे चष्मेवाल्याला ठसका लागला.

"ह्याच्याकडे?" आत्याने भाच्याला नखशिखांत न्याहाळलं. "अकरा वर्षांची वेल घालवलीस, आणि तेसुद्धा ह्या ध्यानाकडे बघत?"

"आत्या!"

"तू बोलूच नकोस, खोटारड्या. दोघं सारखेच. बसा खाली आणि ते वाळलेलं जाळीवरून सोडवा. ओढलंत तर खबरदार. बुंध्याशी नवा कोंब असेल, तो मोडाल."

दोघं बसले. एकेक देठ तारेभोवती घट्ट वळलेला. बोटं सारखी एकमेकांवर येत होती, आणि ती दर वेळी हात मागे घेत होती.

"मला अजून राग आहे," तो हळूच म्हणाला.

"असणारच."

"उद्यापर्यंत पुरेल हे काम?"

तिने जाळीकडे पाहिलं. ह्या वेळी नीट बघून, खरं सांगितलं. "घाई केली नाही तर... परवापर्यंत."

त्याने सुटत आलेला देठ हातातून सोडून दिला आणि पहिल्यापासून, सावकाश सुरुवात केली.