पहिली चाहूल कुठे अडली?

"रेडिओ, उड्या मारू नकोस, जमीन ऐकतेय!" ताई ओरडली, तसा रेडिओ एका पायावरच थांबला.

रेडिओ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव. सुट्टीत दोघं आत्याकडे आली होती आणि शेजारची चष्मी पहिल्याच दिवशी त्यांना येऊन मिळाली होती. आत्याची दोन खोल्यांची कंपनी होती. न खोदता जमिनीच्या पोटात काय दडलंय ते शोधायचं, हे तिचं काम. आज वाचनालयामागच्या मोकळ्या जागेची तपासणी होती. तिथे मुलांसाठी नवी खोली बांधायची होती. आत्याचा मदतनीस तापाने पडला होता, म्हणून मुलांनीच वायरी ओढल्या आणि जमिनीची थरथर टिपणारे छोटे जिओफोन रांगेत रोवले.

दम खाताना चष्मीने विचारलं, की कंपनीचं नाव 'पहिली चाहूल' असं का? आत्याने हातोडा खाली ठेवला.

"आपण या लोखंडी पट्टीवर घाव घातला, की लाटा निघतात. एक मऊ मातीतून सरळ जाते, पण रखडत, चिखलातून चालल्यासारखी. दुसरी खाली कातळापर्यंत उतरते, त्याच्यावरून सुसाट पळते आणि पुन्हा वर येते. लांबच्या जिओफोनपाशी आधी कोण पोचेल?"

"सरळ जाणारी," रेडिओ म्हणाला.

"नाही. वळसा घेणारी! जी आधी येते ती पहिली चाहूल. तिला किती वेळ लागला, त्यावरून खाली काय आहे ते कळतं. वाटेत पोकळ जागा लागली, की ती अडते आणि उशिरा पोचते."

मग तिने घाव घातला. पडद्यावर रेषा उमटल्या. सगळ्या ओळीने शहाण्यासारख्या, फक्त मधल्या दोन जिओफोनांना चाहूल फार उशिरा लागली होती. खोलीचं बांधकाम घेतलेले ठेकेदारकाका बाजूला उभे होते, ते हसले. जमीन ठणठणीत आहे, पोरांनी यंत्रं नीट रोवली नसतील, म्हणाले. त्यांनी मागवलेला दगडांचा ट्रक निघालाही होता आणि तो नेमका मधेच रिकामा व्हायचा होता.

आत्याही वैतागली. "तुला दोन मिनिटं नीट उभं राहता येत नाही का रे?" ती रेडिओला म्हणाली. मधले दोन जिओफोन त्यानेच रोवले होते.

रेडिओचा चेहरा पडला. तो भिंतीशी जाऊन बसला. ताईला ते बघवेना. बिघाड यंत्रात असेल, तर यंत्र जाईल तिथे बिघाडही जाईल, असं तिच्या मनात आलं. तिने आणि चष्मीने मधले दोन जिओफोन उपटून टोकाला लावले, टोकाचे मधे आणले आणि घट्ट दाबले. हो-ना करत आत्याने पुन्हा घाव घातला. टोकाला आता सगळं ठीक होतं. उशीर झाला तो पुन्हा मधेच.

"म्हणजे खोट जागेत आहे," चष्मी म्हणाली. "रेडिओत नाही."

ठेकेदारकाका ऐकेनात. रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. वाद घालून उपयोग नाही हे ताईने ओळखलं आणि आवाजात साखर घोळली.

"काका, तुमची गाडी उन्हात तापतेय. इथे मधे वाचनालयाची छान सावली आहे. लावा ना."

काकांनी गाडीकडे पाहिलं, जागेकडे पाहिलं. "असू दे, असू दे."

"का?" आत्याने विचारलं. "जमीन ठणठणीत आहे ना?"

काका मान खाजवू लागले आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. तिथे जमिनीखाली विटांचा जुना हौद होता. बुजवायचा कंटाळा केला, वर फळ्या टाकल्या आणि माती पसरली. कोणाला कळतंय, असं त्यांना वाटलं होतं. ट्रकवाल्यालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

आत्याने मुलांना मागे ओढलं आणि धावत जाऊन ट्रक फाटकाबाहेरच थांबवला. लांबूनच पहार घातली, तशी ती फळी फोडून सळकन आत गेली. खालून ढब्ब आवाज आला. गडबड ऐकून बाहेर आलेल्या वाचनालयाच्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. रोज पोरं तिथूनच पळत यायची. त्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि काकांना बजावलं, की हौद आजच्या आज, त्यांच्यासमोर भरायचा.

आत्या रेडिओसमोर उकिडवी बसली. "चुकलं माझं. तपासायच्या आधीच बोलले."

"चालतं," तो पुटपुटला आणि वायर गुंडाळू लागला.

संध्याकाळी आत्याने मुलांच्या बाबांना फोन लावला. आता तक्रार होणार, म्हणून रेडिओ दाराआड कान देऊन उभा राहिला.

"दादा, पोरांना एवढ्यात न्यायला येऊ नकोस," आत्या सांगत होती. "माझ्याकडे कामाला चांगली माणसं कमी आहेत."